गोदावरीच्या पाण्याचा हिशोब: जायकवाडी, ६५ टक्के आणि कुणाचं किती जातं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑक्टोबर उजाडला की गोदावरी खोऱ्यात तेच तेच प्रश्न फिरू लागतात: पाणी सोडणार का, किती सोडणार, कुणाच्या धरणातून. मी वैजापूर तालुक्यातला. जिल्ह्याने मराठवाड्याचा, पण आमच्याकडे नांदूर-मधमेश्वर जलद कालव्याने जे पाणी येतं ते नाशिक जिल्ह्यातल्या धरणांचं. त्यामुळे या वादात दोन्हीकडच्या शिव्या आम्हाला फुकट मिळतात. खालची उत्तरं त्याच जागेवरून लिहिली आहेत. हिशोब ढोबळ आहेत, पण कोणीही कागद-पेन घेऊन तपासावेत असे आहेत.

मुळात भांडण कशाचं आहे?

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं. उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), मृतसाठा, म्हणजे कालव्यात न येणारं तळाचं पाणी, आणखी २६. एवढं मोठं धरण ज्या पाण्यावर भरायचं ते पाणी पडतं त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि नगरच्या अकोले तालुक्याच्या डोंगरांत. पैठणला नव्हे. आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी दारणा, भंडारदरा ही धरणं इंग्रजांच्या काळापासून आहेत. मागाहून मुळा, गंगापूर, पालखेड समूह, मुकणे, भावली, निळवंडे अशी भर पडत गेली. वरची भरल्याशिवाय खाली येत नाही. भरपूर पावसाच्या वर्षी कुणाचीच तक्रार नसते. कमी पावसाच्या वर्षी वरचे म्हणतात "आमच्या दारातलं पाणी", खालचे म्हणतात "आमच्या वाट्याचं पाणी", आणि दोघांच्याही म्हणण्याला कागदाचा आधार आहे.

६५ टक्क्यांचा नियम म्हणजे काय?

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट वाटून घ्यावी, हे तत्त्व त्याच्या कलम १२(६)(ग) मध्ये आहे. त्यावर मेंढेगिरी अभ्यासगटाने २०१३ मध्ये तक्ता बनवून दिला आणि प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये तसा आदेश काढला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के, म्हणजे जवळपास ५० टीएमसी पाणी असेल तर वरून काही सोडायचं नाही. त्याहून कमी असेल तर वरच्या प्रत्येक समूहात किती ठेवायचं आणि किती सोडायचं ते तक्त्यावरून ठरतं. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाच्या बाजूने निकाल दिला.

ताजं उदाहरण २०२३ चं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ३० ऑक्टोबरला आदेश निघाला: मुळा २.१०, प्रवरा ३.३६, गंगापूर ०.५, दारणा २.६४३, एकूण ८.६०३ टीएमसी. मोर्चे निघाले, रास्ता रोको झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं, स्थगिती मिळाली नाही. पाणी प्रत्यक्ष सुटलं ते नोव्हेंबर संपता संपता.

सोडलेलं सगळं पाणी जायकवाडीत पोचतं का?

नाही, आणि सगळ्या वादातली ही सर्वात महागडी गोष्ट आहे.

नदीत पाणी सोडायचं म्हणजे आधी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, काठावरच्या मोटारींची वीज तोडायची, बंधाऱ्यांवर पोलीस बसवायचे. तरीही पहिलं पाणी पितं ते पात्र. वर्षानुवर्षं वाळू उपसून पडलेले खड्डे भरल्याशिवाय धार पुढे सरकत नाही. मग काठची माती, मग विहिरींकडे झिरपणारं पाणी. झिरपलेलं पाणी वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ते काठच्या विहिरीत उतरतं आणि कुणाच्या तरी कांद्याला मिळतं. पण ज्याच्या नावाने सोडलं त्याला मिळत नाही, आणि ज्याचं तोडलं त्याचं तर गेलंच. म्हणजे वरचा शेतकरी एक आवर्तन (कालव्याच्या पाण्याची एक पाळी) गमावतो आणि खालच्याच्या हातात त्याहून कमी पडतं.

मग लवकर का सोडत नाहीत? सप्टेंबरात नदी वाहतीच असते की.

बरोबर प्रश्न. सप्टेंबरात पात्र ओलं असतं, तेव्हा सोडलेल्या पाण्यातली तूट नोव्हेंबरच्या मानाने फार कमी. शिवाय तोवर रब्बीची पेरणी झालेली नसते. किती पाणी मिळणार हे सप्टेंबरात कळलं तर शेतकरी उसाऐवजी हरभरा, गव्हाऐवजी ज्वारी असा बेत बदलू शकतो. नोव्हेंबर अखेरीस कळून उपयोग काय? बी जमिनीत गेलेलं असतं, खतं पडलेली असतात.

पण दुसरी बाजूही आहे. सप्टेंबरात परतीचा पाऊस बाकी असतो. १० सप्टेंबरला पाणी सोडलं आणि २५ तारखेला जायकवाडीच्या वर ढगफुटीसारखा पाऊस झाला तर सोडलेलं पाणी पैठणच्या दरवाजातून तसंच पुढे नांदेडकडे जाणार. थांबलो तर माहिती पक्की होते पण वाटेतली तूट वाढते. घाई केली तर तूट कमी पण अंदाज चुकण्याची जोखीम मोठी. १५ ऑक्टोबर ही त्या दोघांमधली तडजोड आहे. माझं मत विचाराल तर तारीख तीच राहू द्या, पण १ सप्टेंबरलाच "आज पाऊस थांबला तर प्रत्येक कालव्याला किती आवर्तनं" असा आकडा जाहीर करा. चुकला तर चुकला. शेतकरी वेधशाळेचे अंदाज चुकलेलेही झेलतोच.

पाऊस पूर्वीही लहरीच होता. हवामानबदलाने नवीन काय झालं?

७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं हे हमखास विचारतात, आणि त्यांचं निम्मं बरोबर आहे. पण एक आकडेमोड करून पाहा.

जायकवाडीचं नियोजन झालं तेव्हा पैठणच्या वर सुमारे १९६ टीएमसी पाणी मिळेल असं धरलं होतं. त्यातलं साधारण ११५ वरच्या प्रकल्पांना, उरलेलं ८१ जायकवाडीला. आता समजा एखाद्या वर्षी एकूण पाणी २५ टक्क्यांनी घटून १४७ वर आलं. वरची धरणं आधी भरणार, ती आपले ११५ घेणार. जायकवाडीला उरतात ३२. खोऱ्याची तूट २५ टक्के, पण जायकवाडीची ६० टक्के. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याच्या ताटात काय पडणार हे आचाऱ्याने किती शिजवलं यापेक्षा आधीच्या पंगतींनी किती खाल्लं यावर ठरतं, त्यातलाच हा प्रकार. प्रत्यक्षात तर नंतरच्या अभ्यासांनी १९६ हा आकडाच फुगलेला ठरवला.

या रचनेत पावसाचा लहरीपणा थोडा जरी वाढला तरी त्याचा जवळजवळ सगळा भार शेवटच्या धरणावर येतो. आणि तो वाढतो आहे. मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात जवळपास तिप्पट झाल्याचं संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे तोच पाऊस कमी दिवसांत. मधल्या खंडात जमीन तापून कोरडी होते, आणि नंतरच्या हलक्या पावसाचं पाणी ओढ्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय हवा तापली की पिकाची तहान वाढते आणि धरणातून उडणारं पाणीही.

याची उलटी बाजू तितकीच खर्चिक. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, पैठणपासून खाली गोदाकाठ पुरात गेला, उभं सोयाबीन कुजलं. पुरासाठी धरणात जागा मोकळी ठेवावी तर पुढचा महिना कोरडा गेल्यावर तीच मोकळी जागा डोळ्यांत खुपते. धरण चालवणाऱ्या अभियंत्याला या दोन चुकांपैकी कोणती परवडेल ते दर आठवड्याला ठरवावं लागतं. बातमीत मात्र झालेली चूकच येते, टळलेली कधी येत नाही.

एक टीएमसी म्हणजे किती, ते एकदा नीट सांगा.

एक अब्ज घनफूट. २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर.

शहरी निकषाने माणशी रोज १३५ लिटर धरलं तर पावणेसहा लाख लोकांचं वर्षभराचं पाणी. पाटाने भिजवलेल्या उसाला एकरी वर्षाला एक कोटी लिटर धरलं तर २,८०० एकर ऊस. हरभऱ्याला एकरी १२ लाख लिटर धरलं तर साडेतेवीस हजार एकर हरभरा. हे सगळं शेतात पोचलेलं पाणी आहे. धरणातून शेतापर्यंत येताना पाटाच्या भेगांत, फुटक्या चाऱ्यांत आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, आधीच्या चोरट्या पाइपांत निम्म्याच्या आसपास जातं असं धरून चाला.

मग ऊस बंद करा. प्रश्न मिटला.

इतकं सोपं असतं तर मिटला असता. राज्यात उसाखाली पीकक्षेत्राच्या चारेक टक्के जमीन आणि सिंचनाच्या पाण्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त वाटा, हे गणित वाचून कोणाचंही डोकं फिरेल. पण शेतकऱ्याच्या बाजूने हिशोब करा.

एकरी ३६ टन ऊस, २०२४-२५ चा एफआरपी (कारखान्याने द्यायचा कायद्याने ठरलेला भाव) टनाला ३,४०० रुपये. तोडणी-वाहतूक वजा जाण्याआधी एकरी १ लाख २२ हजार. हरभरा एकरी पाच क्विंटल, त्याच वर्षीच्या रब्बीचा हमीभाव ५,६५० रुपये, म्हणजे २८ हजार आणि काही. शेतकऱ्याकडे मोजकी आहे ती जमीन. तो एकरात मोजणार आणि ऊस लावणार. त्यात चूक काय?

आता तेच पाण्यावर मोजा. उसाने एक कोटी लिटर पिऊन १ लाख २२ हजार दिले: हजार लिटरला १२ रुपये. हरभऱ्याने १२ लाख लिटरमध्ये २८ हजार दिले: हजार लिटरला २३ रुपये. ठिबकवर उसाचं पाणी ४० टक्क्यांनी कमी झालं तर ऊस २० रुपयांपर्यंत येतो, म्हणजे हरभऱ्याच्या जवळपास.

खोऱ्याला मोजकं आहे ते पाणी, शेतकऱ्याला मोजकी आहे ती जमीन. पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून लागते. एकदा नमुना नंबर सात (पाणीमागणीचा अर्ज) भरून मंजुरी मिळाली की पाणी किती घेतलं त्यावर बिल ठरत नाही. मग वाचवणार कोण आणि कशासाठी? त्यात उसाला कारखाना नेणार ही खात्री, भाव कायद्याने ठरलेला, गारपिटीत मान टाकत नाही, रोजच्या मजुराची कटकट नाही. हरभऱ्याचा हमीभाव कागदावर. खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत व्यापारी म्हणेल तो भाव. हवामान जितकं बेभरवशाचं होत जातं तितका शेतकरी भरवशाच्या पिकाकडे सरकतो, आणि इथे भरवशाचं पीकच सगळ्यात जास्त पाणी पिणारं आहे.

आणखी एक गोष्ट मराठवाड्यात कोणाला ऐकायला आवडत नाही: जायकवाडीच्या दोन्ही कालव्यांवरही ऊस आहे, आणि थोडाथोडका नाही. नगरच्या उसाचं तोडून आणलेलं पाणी पैठण-गेवराईच्या उसाला दिलं तर खोऱ्याच्या उत्पन्नात भर शून्य, वर वाटेतली तूट. त्याच बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, कारण त्यांच्या कोरडवाहूला रब्बीचं एक पाणीही मिळत नाही. वरून आलेलं पाणी जर त्या एका पाण्यासाठी वापरलं जाणार असेल तर सोडण्याला अर्थ आहे. म्हणून पाणी कोणत्या जिल्ह्याला यापेक्षा कोणत्या पिकाला आणि कितव्या पाळीला, हे विचारायला हवं. ६५ टक्क्यांचा तक्ता ते विचारत नाही.

नाशिकची द्राक्षं?

ठिबकवर आहेत, हजार लिटरमागचं उत्पन्न उसाच्या कितीतरी पट. एकरी खर्चही तसाच, कर्जही तसंच. बाग एक हंगाम सुकली तर वेली उपटाव्या लागतात, म्हणजे नुकसान पुढची अनेक वर्षं. द्राक्षाचं पाणी तोडून खाली नेण्यात आर्थिक शहाणपण नाही, असं मला मराठवाड्याचा असूनही वाटतं.

शेती मरते आणि बिअरला पाणी, हे कसं?

२००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागत होतं त्याच दिवसांत, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्क्यांनी तोडायला सांगितलं.

त्या दिवसांच्या मानाने ते योग्यच होतं. पण उद्योगाचा वापर सिंचनाच्या तुलनेत फार लहान आहे, तो दर कितीतरी पट मोजतो, आणि पाणी हाच ज्यांचा कच्चा माल आहे त्यांना आणखी वरचा दर लागतो. वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींच्या पाण्यावर लाखभर घरांचा पगार चालतो असं म्हणताना मी अतिशयोक्ती करत असेन, पण कात्री लावायची तर आधी कालव्यांच्या गळतीला लावा. तिथे टीएमसी सापडतील, बाटलीत नाही.

बाष्पीभवन?

नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पसरट आहे. पूर्ण भरल्यावर पाण्याखाली सुमारे ३५० चौरस किलोमीटर. त्यावरून एक मिलिमीटर पाणी उडालं की ३५ कोटी लिटर गेलं, आणि उन्हाळ्यात दिवसाला एका मिलिमीटरवर भागत नाही. भंडारदऱ्यासारखं खोल, डोंगरात दडलेलं धरण तेवढ्याच पाण्यामागे कितीतरी कमी गमावतं. त्यामुळे निव्वळ तांत्रिक उत्तर असं की पाणी वरच ठेवा आणि लागेल तसं खाली पाठवा. पण मार्चमध्ये वरचे ते सोडतील यावर खालच्या कोणाचा विश्वास आहे? विश्वास नाही म्हणून आपण दरवर्षी बाष्पीभवनाच्या रूपाने किंमत मोजतो.

ज्यांचं आवर्तन जातं त्यांना भरपाई का नाही?

ती द्यावी असं मला वाटतं. पाण्याच्या हक्कांची हंगामापुरती देवघेव करण्याची सोय २००५ च्या कायद्यात आहे, पण ती व्यवहारात रुजलेली मी पाहिलेली नाही. राहाता-कोपरगावच्या शेतकऱ्याला सप्टेंबरात सांगा की यंदा एक पाळी कमी, त्याबदल्यात एकरी अमुक रक्कम खात्यात. तो भांडेल, घासाघीस करेल, पण रस्त्यावर टायर जाळणार नाही. आज त्याचं नुकसान "समन्याय" या नावाखाली शून्य धरलं जातं. अडचण एकच: मोजमाप नसेल तर कोणाची पाळी खरंच गेली ते ठरवणार कसं? सगळेच हात वर करतील.

मोजून पाणी देणं आपल्याकडे जमेल का?

जमलंय. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यातला वाघाड प्रकल्प पाहा. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे तिथे पाणीवापर संस्था उभ्या केल्या आणि पुढे सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांच्या हाती आला. संस्थेला घनमापाने कोटा, त्याच मापाने पट्टी. कोटा संपला की संपला, म्हणून वाचवण्यात प्रत्येकाचा फायदा. टेलच्या शेतकऱ्यालाही पाणी पोचायला लागलं. वाघाड लहान आहे, जायकवाडीचा डावा कालवाच २०८ किलोमीटरचा, हे खरं. पण मोठा कालवा शेवटी शेकडो छोट्या चाऱ्यांचाच बनलेला असतो.

कोकणात वाहून जाणारं पाणी वळवलं तर भांडणच उरणार नाही ना?

थोडं पाणी वाढेल. दर विचारून घ्या. हजार लिटर पाणी ३०० मीटर उचलायला पंपाची तूट धरून एक युनिटहून थोडी जास्त वीज लागते. युनिटला सात रुपये धरले तर साडेसात रुपये, टीएमसीला २१-२२ कोटी, दरवर्षी. बोगदे, धरणं, व्याज वेगळं. कालव्यात निम्मं हरवलं तर शेतात पोचलेल्या हजार लिटरची नुसती वीजच १५ रुपये. पाटाने भिजवलेला ऊस त्यातून १२ रुपये मिळवतो! प्यायला, उद्योगाला, फार तर फळबागेला हे पाणी परवडेल. बाकीच्यांसाठी आधी पाट दुरुस्त करणं स्वस्त.

यात तेलंगणाचा संबंध येतो का?

पैठणपर्यंतच्या पाण्यात नाही. १९७५ च्या करारानुसार आणि गोदावरी लवादाच्या निवाड्यानुसार पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राला वापरता येतं. तंटा खाली नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो मिटवला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर तिथले दरवाजे उघडे ठेवावे लागतात.

६५ ऐवजी ५८ टक्के झाले तर?

६५ टक्क्यांच्या तक्त्याचा फेरविचार करणाऱ्या मांदाडे समितीने तशी शिफारस केली आहे. हिशोब सरळ आहे: ७ टक्के म्हणजे ५.४ टीएमसी. त्या पट्ट्यात जायकवाडी असेल त्या वर्षी वरच्यांचं पाणी वाचेल आणि खालच्यांची एखादी पाळी जाईल. मराठवाड्यात याला विरोध होणं स्वाभाविक आहे. मला दोन्ही आकड्यांचं वेड कळत नाही, कारण दोन्ही आकडे जुन्या पावसावर बसवलेले आहेत. तक्ता दर पाच वर्षांनी नव्या नोंदींवर तपासला जाणार असेल तर ५८ काय आणि ६५ काय.

धरण भरलेलं असतं, तरी संभाजीनगरात नळाला रोज पाणी नाही. का?

तो प्रश्न जलवाहिनीचा आणि वितरणाचा आहे. गोदावरीला त्यात ओढू नका.

यंदा पाणी सोडणार का, हे मला आधी कसं कळेल?

जलसंपदा विभागाचा रोजचा धरणसाठा पाहत राहा, आणि टक्केवारी उपयुक्त साठ्याची आहे की एकूण साठ्याची ते नीट बघा. वर्तमानपत्रांत दोन्हींची सरमिसळ होते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जायकवाडी ५० टीएमसीच्या खाली आणि वरची धरणं ९० टक्क्यांच्या पुढे असतील तर सोडणार असं धरून रब्बीचा बेत करा. तुमच्या कालव्याच्या सल्लागार समितीची बैठक कधी आहे ते शाखा कार्यालयात विचारा. आवर्तनांचा आकडा तिथे ठरतो, आणि तिथे शेतकऱ्यांच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या असतात.